जुनी जीप घेण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यात उंच बांधणीच्या कोणत्याही चारचाकी गाडीस, कंपनीने तिचे नाव काहीही ठेवलेले असो, सर्रास ‘जीप’ असेच म्हटले जाते. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कित्येक वर्षे तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि आरोग्य पथके खेडोपाडी आली ती याच वंशाच्या गाड्यांतून. १९९४ मध्ये टाटा सुमो आणि २००० मध्ये बोलेरो बाजारात आली, तरी नाव मात्र जीपच राहिले. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. पण रस्त्यावरील सुमो काही त्यामुळे थांबल्या नाहीत.

अशी दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेणारा माणूस हौसेखातर ती घेत नाही. भूम, परंडा किंवा लोहारा तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून रात्री-अपरात्री रुग्णास दवाखान्यात न्यायचे, बियाणे व खताची पोती आणायची, सात-आठ माणसांनी लग्नकार्यास जायचे, ही सर्व कामे तिने करावीत अशी अपेक्षा असते. यासाठी वर्षानुवर्षांची शिल्लक मोडली जाते, प्रसंगी पतसंस्थेचे कर्जही काढले जाते. सौदा ठरतो तो रंग, टायर आणि गाद्या पाहून. दोन लाखांस घेतलेल्या गाडीवर पहिल्याच वर्षात आणखी लाखभर रुपये घालावे लागले, तर ती गाडी तीन लाखांस पडली, हा साधा हिशेब सौद्याच्या वेळी मांडला जात नाही.

पुढे दिलेले दुरुस्तीचे आकडे अंदाजपत्रकापुरते ढोबळ समजावेत. गाडीची बनावट, सुटे भाग मूळ कंपनीचे की बाजारी, आणि मिस्त्रीची मजुरी यांनुसार ते बरेच खालीवर होतात.

गाडी का उकळते?

बालाघाटच्या पठारावरील उन्हाळा, भरलेली गाडी आणि चढाचा रस्ता हे तिन्ही एकत्र आले, की इंजिन थंड राखणाऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. या भागात रेडिएटरमध्ये अनेकदा कूपनलिकेचे पाणीच ओतले जाते. त्या पाण्यातील क्षार तापल्यावर नळ्यांच्या आतील बाजूस थरासारखे बसतात. चहाच्या भांड्यास जसे पांढरे पुट चढते, तसाच हा प्रकार होय. थर वाढला की पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि गाडी ‘उकळू’ लागते. तशीच रेटून चालविल्यास हेड वाकते व हेड गॅस्केट जळते. मग पाणी तेलात व तेल पाण्यात मिसळते.

रेडिएटर वेळीच साफ करून घेतल्यास काम हजार-दोन हजारांत भागते. हेड काढून लेथवर सपाट करणे व गॅस्केट बदलणे यास दहा ते पंधरा हजार रुपये लागू शकतात. पिस्टन, रिंगा, लायनर व बेअरिंग यांसह पूर्ण इंजिन बांधावयाचे झाल्यास साठ हजारांपासून लाखापर्यंत तयारी ठेवावी लागते. एका दुर्लक्षित नळीपासून हा सर्व खर्च उभा राहतो.

म्हणून गाडी पाहावयास जाताना ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर तो पाहुणचार समजू नये. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून पाणी गंजाच्या रंगाचे आहे काय, त्यावर तेलाचा तवंग आहे काय, हे पाहावे. इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडून गंभीर इजा होते.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याचे सांगतो. पुष्कळदा एअर फिल्टर किंवा नोझल साफ केल्याने तो कमी होतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. गाडी तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला, तर ज्वलनकक्षात पाणी जात असण्याचा संभव असतो. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून भकाभका वाफ उसळत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत असे मिस्त्री सांगतात, आणि ते बहुधा बरोबर असते.

घाटातील ब्रेक

या जिल्ह्यातील वाहनधारकाने सर्वांत दक्ष राहावे अशी बाब ब्रेकची आहे. सुमो, बोलेरो यांसारख्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारी निर्वात पोकळी एका लहान पंपाने निर्माण केली जाते. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा व्हॅक्युम पंप डायनामोच्याच मागे बसविलेला असतो. तो झिजला, किंवा त्यास ऑइल पुरविणारी नळी गळू लागली, तर ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट होते. सपाट रस्त्यावर हा दोष चालकाच्या अंगवळणी पडतो. नवरात्रात भाविकांनी भरलेली तीच गाडी तुळजापूरच्या घाटातून उतरू लागली, म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबावे म्हणजे ते घट्ट होते; मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले तर व्यवस्था ठीक आहे. न गेल्यास पंप, नळी किंवा बूस्टर यांत दोष आहे. दुरुस्ती काही हजारांतच होते, तेव्हा ती टाळण्यास सबब नाही.

चालीच्या भागांचे दोष त्या मानाने कमी खर्चाचे असतात. पाटे बसणे, बुश व बॉल जॉइंट झिजणे, स्टिअरिंगमध्ये चाळा येणे हे नित्याचेच. चार टायरांस वीस हजारांच्या वर, तर क्लच संचास मजुरीसह आठ ते बारा हजार रुपये धरावेत. उसाच्या हंगामात ट्रॉली ओढलेल्या गाडीचा क्लच व गियर पेटी विशेष लक्ष देऊन पाहावी. चेसिसवर पाट्यांच्या जोडाजवळ वेल्डिंगचे ठिगळ दिसल्यास मात्र सौदा सोडून देणे बरे. काळ्या मातीचा चिखल तेथे ओलावा धरून ठेवतो आणि गंज आतून खात जातो. वरून मारलेला काळा रंग हा दोष फक्त झाकतो.

अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांचा प्रश्न निराळा आहे. शेतावरील कॅनमध्ये साठविलेले, पाणी वा कचरा मिसळलेले डिझेल जुन्या पंपाने कसेबसे पचविले. या इंजिनांचे इंजेक्टर ते सहन करीत नाहीत. चारही बदलण्याची वेळ आल्यास खर्च पूर्ण इंजिन बांधण्याच्या घरात जाऊ शकतो.

कागदपत्रांचा खर्च

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. हलक्या मोटार वाहनासाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीस ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी ‘स्वस्तात’ मिळते, त्याचे एक कारण हेही आहे.

पंचायत सदस्यांनी आणखी एक बदल ध्यानी घ्यावा. पूर्वी निर्लेखित सरकारी जीप लिलावात घेतली जाई आणि गावात पुन्हा धावू लागे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, नगरपालिका आणि पंचायती यांच्या मालकीच्या १५ वर्षांपुढील वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागतात.

राहता राहिला नावावर करून घेण्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. मुद्रांकित कागदावर व्यवहार करून आरसी बुक जुन्याच नावावर ठेवण्याची रीत अद्याप गेलेली नाही. अपघात झाल्यास नोंदणी ज्याच्या नावे आहे त्यालाच मालक समजून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली जाते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी विकून पैसे मोजून घेतलेल्या शिक्षकाच्या दारी दोन वर्षांनी नोटीस येऊ शकते, ती यामुळेच.