कागदाच्या पकडीवर धावणारी गाडी

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन तुम्ही साकोलीहून नागपूरकडे निघाला आहात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर पुढे धानाचा ट्रक आहे. त्याला ओलांडायला तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा चार हजारांपलीकडे जातो, पण गाडी उचलत नाही. दोन क्षणांनी धक्का बसतो आणि मग ती पळते. गॅरेजमध्ये निदान लगेच होतं, "गिअर स्लिप मारतोय." पाठोपाठ पूर्ण गिअरपेटी उतरवायच्या खर्चाचा आकडा येतो.

त्या आकड्याला मान डोलावण्याआधी पेटीच्या आत डोकवा. आत जे चाललेलं असतं ते थक्क करणारं आहे. आणि ते एकदा कळलं, की दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही आपोआप कळतं.

आधी गिअर पाहू. मधोमध एक चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह, ती एका चौकटीत बसवलेली. सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं मोठं कडं. समजा सूर्याला ३० दाते आहेत आणि कड्याला ६०. कडं घट्ट धरून सूर्य फिरवला, तर ग्रहांची चौकट त्याच्या एकतृतीयांश वेगानं फिरते आणि जोर तिप्पट होतो: हा चढावाचा गिअर. सूर्य धरून कडं फिरवलं तर तेच प्रमाण दीडपट होतं. दोन भाग एकमेकांना बांधले की सगळा संच अखंड फिरतो, एकास एक. आणि चौकट धरून सूर्य फिरवला तर कडं उलटं फिरतं, म्हणजे रिव्हर्स! एवढ्या सगळ्यात एकही चाक दुसऱ्यापासून बाजूला सरकवलेलं नसतं, एकही दाता दुसऱ्यातून सुटलेला नसतो. बदलतं ते एवढंच, की कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं.

म्हणून गाडी 'स्लिप' मारते तेव्हा दाते सहसा निर्दोष असतात. ते बनतातच तसे. भंडारा जिल्ह्याला हे सांगायला नको. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीला सनफ्लॅगच्या कारखान्यात वाहनांच्या भागांसाठी लागणारं मिश्रपोलाद बनतं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. गिअरसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पोलादात कार्बन जेमतेम ०.२ टक्के, तर मँगनीज एक टक्क्याहून थोडं जास्त आणि जवळपास तेवढंच क्रोमियम असतं. अशा पोलादाच्या दात्याला भट्टीत बाहेरून कार्बन पाजतात. त्याचा पृष्ठभाग कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. तो दाता सहजी हार मानत नाही. हार मानते ती पकड.

ही पकड कशाची असते? कागदाची! पेटीत पातळ चकत्यांच्या जुड्या असतात, त्यांनाच क्लच म्हणतात: एक साधी पोलादी चकती, एक अस्तर लावलेली, पुन्हा पोलादी. ते अस्तर म्हणजे लाकडाच्या लगद्यासारख्या तंतूंचा, राळेनं बांधलेला सच्छिद्र कागद. जाडी मिलिमीटरहूनही कमी, आणि तो कायम तेलात बुडालेला. तेलात भिजलेला कागद पकडेल कसा, असं वाटणं साहजिक आहे. जुडीमागचा दट्ट्या दाब देतो, तेव्हा कागद आपल्या छिद्रांत तेल ओढून घेतो, उरलेलं बाजूला सारतो आणि पोलादाला मऊपणे, पण पक्का धरतो. इंजिनची सगळी ताकद या कागदांतून पार होऊन चाकांपर्यंत जाते. म्हणून त्या तेलाला एकाच वेळी वंगण व्हायचं असतं आणि घर्षणही जपायचं असतं. सुरुवातीच्या काळात ही करामत साधण्यासाठी त्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला.

तेलाचं कामही एकच नाही. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो: एक पंप, समोर टर्बाईन, मध्ये प्रवाह वळवणारी पाती. पंप तेल फेकतो, टर्बाईन त्या माऱ्यानं फिरतो. गाडी सिग्नलला उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, ते यामुळेच. ही कल्पना १९०५ साली जर्मनीतल्या हर्मान फ्योटिंगर यांनी पेटंट केली, आणि ती मोटारीसाठी नव्हतीच! जहाजातलं वाफेचं टर्बाईन फार जोरात फिरतं, पंख्याला मात्र सावकाश फिरायचं असतं. ही गाठ त्यांना सोडवायची होती.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. १९३९ मध्ये जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक ही चार गिअरची स्वयंचलित पेटी आणली. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मग गिअर कधी बदलायचा हे ठरवायचं कोण? तेलच. मागच्या शाफ्टवर वजनं फिरत. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि तेलाचा एक दाब वाढे. ॲक्सिलरेटर दाबला की दुसरा दाब वाढे. हे दोन दाब एका छोट्या दांड्याच्या दोन टोकांना ढकलत. वेगाचा दाब वरचढ ठरला की दांडा सरके, नवी वाट उघडे आणि गिअर बदले. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे अशा दांड्यांची आणि नागमोडी वाटांची थाळी. पुढच्या गाड्यांत निर्णय कॉम्प्युटरकडे गेला, पण चकत्या आवळतं ते आजही तेलच. टायरमध्ये आपण दोन बारच्या आसपास हवा भरतो, इथे तेलाचा दाब काही पेट्यांत रिव्हर्सला पंधरा बारच्याही वर जातो.

इथवर आलात, तर दुरुस्तीचा क्रम तुम्हीच लावाल. पकड तेलाच्या दाबावर आहे, तेव्हा आधी तेल. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनं पातळी पाहा, कारण काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात, तर काहींत बंद करून. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी असेल तर गळती आहेच: पेटीच्या तळाच्या पॅनची गॅस्केट, ॲक्सलचं सील किंवा कूलरची नळी. चांगलं तेल लालसर आणि पारदर्शक असतं. काळं पडून करपल्याचा वास येत असेल तर कागद जळला आहे. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरमधून कूलंट शिरलं आहे. ती गाडी चालवू नका, कारण पाणी आणि ग्लायकॉल अस्तराला चकतीपासून सोडवतात.

मग पॅन उतरवा. तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणं स्वाभाविक आहे. काळे तंतू दिसले तर ते क्लचचं अस्तर. पितळी चमक दिसली तर झिजलेली बुश किंवा वॉशर. भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यातल्या माणसाच्या नजरेतून पितळ सुटणार नाही.

नंतर थोडी गुप्तहेरगिरी. नेमक्या कोणत्या गिअरला गाडी सटकते? अनेक जुन्या तीन गिअरच्या पेट्यांत तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांचा एक क्लच सामाईक असतो. दोन्हींत स्लिप आहे, पण पहिला-दुसरा ठणठणीत, तर संशयित सापडला. सगळ्याच गिअरमध्ये स्लिप असेल तर तुंबलेला फिल्टर किंवा तेलाला दाब देणारा पंप थकलेला. दाबाचं गेज लावलं की संशयाचा पुरावा मिळतो. नव्या धाटणीच्या गाडीत स्कॅनर सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपेचा, दोषही दाखवतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या वेगांची तुलना करून कॉम्प्युटर स्वतःच ही घसरण ओळखतो.

यातलं बरंच काही पेटी न उतरवता होतं. गळकं सील, फिल्टर, सोलेनॉइड हे तुलनेनं स्वस्तातलं काम. जळलेला कागद मात्र नव्या तेलानं बरा होत नाही. रबर फुगवणारी बाटलीतली औषधं कडक झालेल्या सीलला थोडे दिवस तारतात, एवढंच. अस्तर गेलं असेल तर ओव्हरहॉल.

तो करणाऱ्या कारागिराचे हात पाहण्यासारखे असतात. नव्या चकत्या बसवण्याआधी तेलात भिजवतात. सुटे भाग जागेवर धरून ठेवायला ग्रीसऐवजी पेट्रोलियम जेली लावतात, कारण ती गरम तेलात विरघळून जाते. पुसायला धागे सुटणारं फडकं चालत नाही, एक धागा दांडा अडवू शकतो. मग एकेका वाटेत हवेचा दाब सोडतात. आतून 'ठक्' असा आवाज आला की तो क्लच जिवंत. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्या साफ करणं हे मात्र कोणी विसरू नये, नाहीतर जुना गाळ नव्या पेटीत शिरतो.

आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू आहे उष्णता. साधारण दहा अंश तापमान वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तुंबलेला रेडिएटर त्या तेलाला कसा थंड करणार? थोडी घसरण, त्यातून उष्णता, त्यातून गुळगुळीत झालेला कागद, आणि त्यातून आणखी घसरण, असं हे चक्र आहे. म्हणून विदर्भात जुनी ऑटोमॅटिक बाळगणाऱ्यानं तेल पुस्तिकेतल्या मुदतीआधी बदलावं आणि उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर साफ करून घ्यावा.

एक फरक ध्यानात असू द्या. २०१४ पासून मारुती सेलेरिओच्या निमित्तानं आपल्याकडे रुळलेली एएमटी गाडी म्हणजे साधीच गिअरपेटी आणि साधाच क्लच, फक्त तो यंत्रानं चालवलेला. तिची स्लिप वेगळी, तिचा इलाजही वेगळा.

ज्या जिल्ह्यात मँगनीज निघतं, पोलाद वितळतं आणि गिअरबॉक्स बनतात, तिथल्या आयटीआयच्या प्रत्येक मोटार मेकॅनिक वर्गात भंगारातली एक ऑटोमॅटिक पेटी उघडून ठेवलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. दोन दाबांच्या झुंजीत सरकणारा तो दांडा ज्या मुलानं स्वतः बोटांनी ढकलून पाहिला, तो पुढे गिऱ्हाइकाला "पूर्ण पेटी बदला" असं सांगण्याआधी तेलाची पातळी नक्की तपासेल.