काउंटेस मेरी अर्स्किन, वय २९

जॉर्ज जेमसन हा ॲबर्डीनमधल्या एका गवंड्याचा मुलगा. १६१२ मध्ये तो एडिंबरात जॉन अँडरसनकडे उमेदवारीला लागला. अँडरसनचा धंदा मुख्यतः घरांची छतं-भिंती रंगवून सजवण्याचा. तिथून निघालेला जेमसन पुढे स्कॉटिश सरदार घराण्यांचा आवडता व्यक्तिचित्रकार झाला.

त्याच्या कामातलं सर्वांत देखणं चित्र म्हणजे १६२६ चं मेरी अर्स्किनचं. मेरी ही मारच्या अर्लची मुलगी आणि सहावे अर्ल मार्शल विल्यम कीथ यांची पत्नी. लग्नानंतरही तिचं माहेरचं आडनाव टिकलं, कारण स्कॉटलंडची रीतच तशी होती. चित्र खांद्यापर्यंतचंच आहे. वर्ष आणि तिचं वय कॅनव्हासवरच रंगवलेलं. लेसच्या कॉलरवर नजर आधी जाते खरी, पण खिळते ती चेहऱ्यावर. कुठेही कडक रेघ नाही, उजेड अलगद सावलीत मिसळतो. जेमसन रंग फार पातळ लावत असे. त्याची कितीतरी चित्रं नंतरच्या साफसफाईत झिजली, ही मोठी हानीच. मेरीचं हे चित्र आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे.

जेमसनचा दर १६३५ च्या एका पत्रातून कळतो. कॅनव्हास आणि रंग धरून एका चित्राचे २० मर्क (हे स्कॉटिश नाणं), सोनेरी चौकटीसह २० स्कॉटिश पौंड. ग्लेनॉर्कीच्या कॅम्पबेल घराण्याला त्याच पत्रात त्याने जुलैत सुरुवात करून सप्टेंबरअखेर १६ चित्रं देण्याची तयारी दाखवली होती.