बाळंतपण सरले, बीपी मात्र राहिले

घरात बाळ आले की सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे लागते. सातव्या दिवशी अकीका, नाव ठेवणे, पाहुण्यांची ये-जा. याच आठवड्यात बाळंतिणीचे बीपी सगळ्यात जास्त चढू शकते, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते.

गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंडावर परिणाम दिसला, तर डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ‘बाळंतपण झाले की बीपी आपोआप उतरेल’ असे घरातली मोठी माणसे सांगतात. यात अर्धेच खरे आहे. वार पडल्यावर आजाराचे मूळ दूर होते. पण गरोदरपणात अंगात साठलेले पाणी परत रक्तात येते आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास बीपी उलट वाढते. नेमकी तेव्हाच दवाखान्यातून सुट्टी झालेली असते. काहींना तर गरोदरपणात बीपी ठीक असूनही बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा आजार पहिल्यांदा होतो.

म्हणून बाळंतिणीचे डोके जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर ‘जागरणामुळे होत असेल’ किंवा ‘नजर लागली’ म्हणून थांबू नका. लगेच बीपी मोजा. ते 160/110 किंवा जास्त भरले, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. उशीर झाला तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

चाळीस दिवसांचा आराम चांगलाच. पण तपासणीसाठी घराबाहेर पडायला त्याची आडकाठी नको. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना बीपीची हकीकत आवर्जून सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला 42 दिवस मोफत उपचार मिळतात.

गोळ्यांनी दूध बाधेल, ही भीती अनेकींना वाटते. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही औषधे अंगावर पाजतानाही डॉक्टर देतात. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रमजान आला तर रोजाबद्दल आणि गोळ्यांच्या वेळांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आजारी आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला शरीयतने सवलत दिलेली आहे.

बहुतेकींचे बीपी बारा आठवड्यांत उतरते. त्यानंतरही ते जास्तच राहिले, तर तो कायमचा रक्तदाब समजून उपचार सुरू ठेवावे लागतात. उतरले तरी सावध राहायला हवे. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा तीन ते चार पट असते. हृदयविकाराची आणि पक्षाघाताची सुमारे दुप्पट. तेव्हा वर्षातून एकदा तरी बीपी, साखर आणि लघवीची तपासणी करावी. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठ कमी करावे, रोज चालावे, वजन आटोक्यात ठेवावे.

पुढच्या वेळी दिवस राहिले, तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना मागचे सगळे सांगावे. कमी मात्रेची ॲस्पिरिन साधारण बाराव्या आठवड्यापासून घेतल्याने धोका कमी होतो. पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि कागद तिथेच राहतात. सासरच्या डॉक्टरला मग काहीच कळत नाही. निकाहनामा आणि रेशनकार्ड जपतो, तशी ही फाईलही मुलीबरोबर द्या. चाळिशीत तिला कोणी डॉक्टरने ‘आधी कधी बीपी होते का?’ असे विचारले, तर दाखवायला कागद हाताशी असेल.