वस्तऱ्याआधी चार थेंब

पुण्याच्या पेठेतलं तीन खुर्च्यांचं सलून. त्यातल्या शेवटच्या खुर्चीवरच दाढीआधी तेल लावतात. तिथला कारागीर साठीच्या पुढचा आहे. गिऱ्हाईक मान मागे टेकवून बसलं, तरी तो तेलाच्या बाटलीला लगेच हात लावत नाही. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर दाबून ठेवतो. टॉवेल निवला की पुन्हा बुडवून पिळतो. मग बोटांच्या पेरांनी खुंट चाचपतो. अजून टोचत असतील तर टॉवेल तिसऱ्यांदा.

हाताखालच्या पोराला तो एवढंच सांगतो, "आधी पाणी पिऊ दे दाढीला. तेल मागनं."

हा क्रम म्हणजे या कामाचा गाभा आहे. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि कोरडा असताना भलताच चिवट. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मिळालं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. हे काम तेलाच्याने होत नाही. कोरड्या दाढीवर आधीच तेल चोपडलं तर पाण्याचीच वाट अडते. बाजारातल्या बाटल्यांवर 'केस मऊ करणारं तेल' असं छापलेलं असतं, त्यात अर्धंच सत्य आहे. भिजलेल्या केसातलं पाणी लवकर उडू न देणं आणि पात्याला घसरायला पातळ थर देणं, ही तेलाची खरी कामं.

खोबरेलाची बाजू मात्र नीट मांडायला हवी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केसांतून होणारी प्रथिनांची झीज ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. पण दाढीच्या खुर्चीत तेल मुरायला तेवढी सवड कुठे असते? तिथे खोबरेल वरच्या वरच काम करतं, आणि तेवढं पुरतं.

तळहातावर चार-पाच थेंब. दोन्ही तळवे घासून ते कोमट करायचे आणि ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने, मग सुलट दिशेने चोळायचे. गाल चमकायला लागला, की तेल जास्त झालं. जास्त तेलाने साबणाचा फेस बसतो, केस कातडीला चिकटून आडवे पडतात आणि वस्तरा त्यांच्यावरून नुसताच सरकतो. फेस तेलावरच चढवायचा, तेल पुसायचं नाही. ब्रश गोल फिरवत केस उभे केले की दोन थर तयार होतात. वर फेस, खाली तेल.

खालच्या थराचं मोल पहिल्या हाताला कळत नाही. फेस भरपूर असताना पातं तसंही सहज चालतं. कळतं ते जबड्याच्या कडेला आणि कंठमण्याच्या बाजूला, जिथे केसांचे भोवरे असतात आणि एकाच जागेवरून दोनदा जावं लागतं. पहिल्याच फेरीत तिथला फेस निघून गेलेला असतो. कोरड्या कातडीवर पातं ओढलं की आग होते, लाल पुरळ येतं. तेलाचा पातळ थर तिथे शिल्लक राहिलेला असतो आणि तो कातडी वाचवतो.

हल्ली तरुण गिऱ्हाइकांना दाढी कोरून हवी असते. गालावरची रेघ फेसाखाली दिसत नाही, म्हणून कडा काढताना हा कारागीर फेस लावतच नाही. नुसतं तेल. त्यातून रेघ दिसते, तीळ दिसतो, जुना व्रणही दिसतो.

पण तेलामुळे एक अडचण उभी राहते आणि ती ज्याला सोडवता आली त्यालाच वस्तरा द्यावा. वस्तरा चालतो उजव्या हाताने, दाढी मात्र सांभाळतो डावा हात. कातडी ताणून धरली नाही तर पात्यापुढे तिची घडी पडते आणि तिथेच कापतं. उजव्याला घसरण हवी, डाव्याला पकड. तेलकट बोटांनी कातडी धरली की ती निसटते. मूठ तेलकट असेल तर वस्तराच निसटायचा. म्हणून तेल चोळून झाल्यावर हा माणूस दोन्ही हात साबणाने धुतो, कोरडे करतो आणि डाव्या हाताची बोटं ओल्या तुरटीच्या खड्यावरून फिरवतो. बोटं खरबरीत होतात, कातडी जागची हलत नाही. मग साधारण तीस अंशांचा कोन धरून कल्ल्यापासून खाली पहिला सुलटा हात.

पोलाद केसाहून सुमारे पन्नास पट कठीण, तरी पातं बोथट का होतं, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी घेतला आणि 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. धार सावकाश झिजते एवढंच घडत नाही. वाकलेला केस विशिष्ट ठिकाणी धारेवर दाबला गेला की पोलादाचा बारीक टवका उडतो. दाढी भिजवण्यात घालवलेली मिनिटं पात्याच्याही कामी येत असावीत, असं हे वाचून वाटतं.

एड्सबद्दल जागृती झाल्यापासून सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत रुळली. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, काम झालं की टाकून द्यायचं. घरी अखंड पात्याचा वस्तरा वापरणाऱ्याला ही सोय नाही. त्याने पातं धुऊन पूर्ण कोरडं केल्याशिवाय चामड्याच्या पट्ट्यावर चढवू नये, कारण दाढीचं तेल आणि साबण चामड्यात मुरले की पट्टा वाया जातो. एका बाबतीत मात्र वस्तरा सोयीचा. तीन-चार पात्यांच्या रेझरमध्ये तेल आणि केसांचा लगदा फटींत अडकतो. वस्तऱ्याला फटच नाही, टॉवेलवर एकदा पुसला की साफ.

कोणतं तेल, हा प्रश्न गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. एरंडेल दाट असतं, थर चांगला धरतं, पण एकटं वापरलं तर चिकट होतं, म्हणून बदामाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलात थोडं मिसळतात. महागड्या छोट्या बाटल्यांतही बहुधा हीच तेलं असतात, वर सुगंध. त्या सुगंधी अर्कांनीच नाजूक कातडीला खाज सुटू शकते. खोबरेल हिवाळ्यात थिजतं, तेव्हा कारागीर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवतो. मुरुमं असलेल्या पोराला तो तेल लावत नाही, कारण खोबरेलाने रोमछिद्रं बुजतात. त्याला टॉवेल जास्त वेळ, फेस दाट, आणि उलटा हात अजिबात नाही.