भिंतीवरचा सिनेमा आणि उजेडाचा हिशेब

बुटाच्या रिकाम्या खोक्याला एका बाजूने गोल भोक पाडायचं, तिथं भिंग चिकटवायचं, आत मोबाइल उभा करायचा आणि खोलीतला दिवा मालवायचा. समोरच्या भिंतीवर सिनेमा सुरू! सुट्टी लागली की घराघरांत हा प्रयोग होतो, आणि बहुतेक ठिकाणी पाचदहा मिनिटांत हिरमोड होऊन खोकं माळ्यावर जातं. चित्र उमटतं, पण भुरकट, अंधूक आणि वर डोक्यावर उभं. मग दोष जातो भिंगाला. आणखी मोठं, आणखी महाग भिंग आणलं जातं आणि तरीही भिंत काळोखीच राहते.

खरं तर भिंगाचा यात अपराध फार थोडा. चित्र मोठं करणं हे प्रोजेक्टरमधलं सगळ्यात सोपं काम आहे. त्या मोठ्या चित्राला पुरेल एवढा उजेड आणायचा कुठून, ही खरी अडचण. घरी प्रोजेक्टर बनवायला बसणाऱ्याने हा हिशेब आधी कागदावर मांडला, तर पैसे वाचतील आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं भिंगाचं प्रकरणही एकदाचं डोक्यात शिरेल.

सुरुवात भिंगापासूनच करू. हाती आलेल्या बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवसाउजेडी खिडकीसमोर उभं राहायचं, भिंगामागे पांढरा कागद धरायचा आणि दूरची वस्तू कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत कागद मागेपुढे करायचा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा माथा धरा, सांगलीत आयर्विन पुलाच्या कमानी. उलटा किल्ला किंवा उलटा पूल कागदावर रेखीव दिसला, की कागद आणि भिंग यांच्यातलं अंतर म्हणजे नाभीय अंतर. समजा ते १० सेंटिमीटर आलं.

आता मोबाइल भिंगापासून १० सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब ठेवायचा. भिंत दोन मीटरवर असेल तर भिंगाच्या सूत्राने हे अंतर साधारण साडेदहा सेंटिमीटर येतं. चित्र किती पट मोठं होईल? भिंतीचं अंतर भागिले मोबाइलचं अंतर, म्हणजे एकोणीस पट. १४ सेंटिमीटर लांबीचा पडदा भिंतीवर अडीच मीटरच्याही पुढे जातो. एका साध्या भिंगानं एवढं केलं, त्याला आणखी काय सांगायचं?

आता उजेड. चांगल्या मोबाइलच्या पडद्याची तेजस्विता दर चौरस मीटरला ५०० कँडेलाच्या घरात असते. पडदा १४ बाय साडेसहा सेंटिमीटरचा धरला, तर तो सगळ्या दिशांना मिळून जेमतेम १४ ल्युमेन प्रकाश देतो. सगळ्या दिशांना, हे महत्त्वाचं. भिंग पाच सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्यातला विसावा भागच भिंगात शिरतो, बाकीचा खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाया जातो. उरला एक ल्युमेनपेक्षाही कमी. तो पसरायचा सव्वातीन चौरस मीटर भिंतीवर. तांब्याभर पाण्याने सगळं अंगण शिंपायला निघाल्यासारखी गत. भिंतीवर पडतो सुमारे पाव लक्स उजेड, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात पेपर वाचता येत नाही, तसाच हा सिनेमाही नीट दिसत नाही.

यावर एक स्वस्त उपाय आहे: हाव कमी करणं. तोच मोबाइल, तेच भिंग, पण पडदा अर्ध्या मीटरवर ठेवला तर चित्र चौपटच होतं. ते ५६ सेंटिमीटर रुंदीचं असतं आणि त्यावर चार लक्सच्या आसपास उजेड पडतो. म्हणजे पहिल्यापेक्षा पंधरा पट. गडद अंधाऱ्या खोलीत दोघातिघांना पाहण्यासारखं हे चित्र आहे. पहिला प्रोजेक्टर इतकाच करावा, असं माझं मत.

(कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद राहतात. तिथल्या मुलांनी हा प्रयोग अर्थातच साडेआठनंतर करावा. अंधारही तोवर चांगला पडलेला असतो.)

आणखी एक गंमत बहुतेकांना उशिरा कळते. भिंतीवरचं चित्र उलटं येतं, म्हणून मोबाइल उलटा ठेवला की ते सुलटं होतं. माणसं, झाडं, गाड्या ठीक दिसतात. पण नावं पडू लागली की अक्षरं आरशातल्यासारखी उलटी! कारण मोबाइलच्या समोरच्या बाजूने निघालेला प्रकाश आपण वापरतो आणि भिंतीकडे मात्र मोबाइलच्या मागे बसून पाहतो. जुन्या काचेच्या पारदर्शिकेत हा घोटाळा नव्हता, तिची बाजू फिरवून घालता येत असे. मोबाइलची पाठ काही उजळत नाही. यावर दोन तोडगे आहेत. चित्र आरशासारखं फिरवणारं ॲप घ्यायचं, किंवा पातळ पांढरं कापड टांगून प्रेक्षकांना कापडाच्या पलीकडच्या बाजूला बसवायचं. उघड्या मैदानावरच्या खेळात पडद्यामागे जागा मिळालेले लोक नावं उलटी वाचत असत. इथे त्याच न्यायाने पडद्यामागचा प्रेक्षक सुलटी वाचतो.

उजेडाच्या या टंचाईशी आपल्याकडे पहिल्यांदा झगडणाऱ्यांत कल्याणच्या पटवर्धनांचं नाव घ्यावं लागेल. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा ७ जुलै १८९६ रोजी दाखवला गेला, त्याच्या चार वर्षं आधी. पटवर्धनांकडे होता मॅजिक लँटर्न. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि बाजूला उभं राहून कथा सांगणारा माणूस. काचेच्या पट्ट्या सरकवून ते चित्रांना हालचालही देत. यंत्राचा आराखडा पाहिला तर आजच्या घरगुती प्रोजेक्टरमध्ये आणि त्यात फरक एकच: काचेच्या जागी एलसीडी आली. युरोपात सतराव्या शतकात ख्रिस्तियान हॉयगेन्सने असा दिवा केला तेव्हाही मांडणी हीच होती. पुढच्या अडीचशे वर्षांत बदलत गेला तो मुख्यतः दिवा: तेलाचा, मग तापवलेल्या चुन्याचा, मग विजेचा.

विजेच्या दिव्याचा सगळ्यात रांगडा अवतार सातारा-सांगलीच्या जुन्या पिढीने तंबूत पाहिला आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत फिरत्या टॉकीजचे तंबू लागत, गाडीवर जनरेटर धडधडत असे आणि प्रोजेक्टरच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटलेली असे. या कांडीच्या टोकाचं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. कांड्या जळून आखूड होत, मधलं अंतर वाढलं की उजेड थरथरे, मग ऑपरेटर काळ्या काचेतून पाहत त्या जवळ सरकवत राही. पडद्यावर नायक गात असताना दिव्याशी चाललेली ही झटापट प्रेक्षकांना दिसत नसे. शेकडो माणसांपुढच्या पडद्याला पुरेल इतका उजेड एका टिचभर जागेतून काढायचा तर त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. जागा टिचभर असणंही गरजेचं होतं. दिवा जितका लहान आणि प्रखर, तितका त्याचा जास्त उजेड भिंगातून पार होतो. ट्यूबलाइट कितीही मोठी लावली तरी तिच्याने प्रोजेक्टर चालत नाही, तो याचमुळे.

आज ती टिचभर प्रखर जागा एलईडीने दिली आहे. बारीक असंख्य ठिपक्यांची, एकाच पत्र्यावर बसवलेली १०० वॉटची एलईडी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते आणि दहा हजार ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते. मोबाइलच्या पडद्याच्या सातशे पट! इथून खरा व्हिडिओ प्रोजेक्टर सुरू होतो.

त्यासाठी मोबाइल फोडायची गरज नाही. एचडीएमआय कार्डासह सुटं एलसीडी पॅनेल मिळतं, पाच-साडेपाच किंवा सात इंचांचं. त्याच्या पाठीमागचा बॅकलाइट, म्हणजे पांढरे कागद आणि बारीक एलईडीची पट्टी, अलगद सोडवला की उरते पारदर्शक काच. पॅनेल एलसीडीच हवं. ॲमोलेडचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामागे दिवा धरून काही होत नाही. थ्रीडी प्रिंटरसाठीची काही पॅनेलं कृष्णधवल असतात. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीत तर रंग येणार नाहीत.

पॅनेलच्या दोन्ही बाजूंना एकेक फ्रेनेल भिंग लागतं. हे चपटं, वर्तुळाकार खाचांचं पारदर्शक पान. ऑगस्तँ फ्रेनेलने दीपगृहासाठी ही युक्ती काढली आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ती पहिल्यांदा वापरली गेली. पहिलं पान एलईडीचा पसरणारा प्रकाश सरळ करून पॅनेलवर सोडतं, दुसरं तो गोळा करून पुढच्या भिंगाकडे वळवतं. साडेपाच इंची पॅनेलसाठी पुढचं भिंग २० सेंटिमीटर नाभीय अंतराचं घेतलं, तर पावणेतीन मीटरवर दीड मीटर रुंदीचं चित्र मिळतं.

आणि उजेड किती? इथे एलसीडी आपला कर घेते. तिच्यातलं ध्रुवीकरणाचं पान निम्मा प्रकाश अडवतं, रंगांच्या जाळ्या उरलेल्यातला दोन-तृतीयांश खातात, शिवाय ठिपक्यांमधल्या तारा. पार होतो तो फार तर पाच-सात टक्के. एलईडीचे दहा हजार ल्युमेन, त्यातले भिंगाच्या वाटेला येणारे तीनएक हजार, त्यातले पाच टक्के, त्यातून भिंगांची घट, असं करत पडद्यावर पोचतात शंभरेक. दीड मीटरच्या चित्रावर हे सत्तर-ऐंशी लक्स झाले. चित्रपटगृहाच्या मानकानुसार पांढऱ्या पडद्यावर दीडशे लक्सच्या आसपास उजेड लागतो. घरच्या खोक्याने थिएटरच्या निम्मं गाठलं, तर तक्रार करायला जागा नाही. दिवा लावलेल्या खोलीत मात्र हे चित्र धुऊन निघेल.

पण जो प्रकाश पार होत नाही तो जातो कुठे? पॅनेलमध्ये, उष्णता होऊन. द्रवस्फटिक ठरावीक तापमानापुढे आपली रचना सोडतात, साधारण सत्तर अंशांपलीकडे बऱ्याच पॅनेलांवर काळा डाग पसरू लागतो. माण किंवा आटपाडीच्या उन्हाळ्यात हवाच चाळिशी ओलांडते, तिथे हा डाग लवकर भेटीला येईल. म्हणून पॅनेलच्या दोन्ही अंगांनी वारा खेळवणारा पंखा हवा. एलईडीच्या पाठीला जुन्या कॉम्प्युटरचा पंखेवाला हीटसिंक हवा, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्टही लावावी. ल्युमिएर बंधूंनाही हीच काळजी होती. त्यांनी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा चंबू ठेवला, तो भिंगाचंही काम करी आणि उष्णताही शोषून घेई.

पेटत्या एलईडीकडे थेट पाहू नये, तिच्या ड्रायव्हरला प्लग काढल्याशिवाय हात लावू नये, आणि फ्रेनेलचं पान उन्हात कधीही उघडं ठेवू नये. ते मिनिटभरात लाकूड पेटवतं.

समोर बसून पाहायचं असेल, तर पडद्यासाठी चादर टांगायची सवय सोडा. तिच्यातून बराच उजेड पलीकडे निसटतो. चुन्याने रंगवलेली, चमक नसलेली पांढरी भिंत तिच्यापेक्षा सरस. खोक्याला आतून मात्र काळा, बिनचमकीचा रंगच द्यायचा.

आता नवशिक्याला सगळ्यात सोपी वाट सांगतो, ती मुद्दाम शेवटी ठेवली. फळ्यावर पारदर्शिका दाखवणारे ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवतात? त्यांच्या काचेखाली मोठं फ्रेनेल भिंग असतं, वर प्रोजेक्शनचं भिंग आणि आरसा, आत पंखा. वर लिहिलेलं निम्मं सामान त्यात तयारच आहे. आतला हॅलोजन दिवा काढून एलईडी बसवायची आणि काचेवर उघडं एलसीडी पॅनेल सुलटं ठेवायचं, म्हणजे व्हिडिओ प्रोजेक्टर झाला. अक्षरांचा आरसा होण्याची भानगडही नाही. नव्वदच्या दशकात व्याख्यानांसाठी अशीच पॅनेलं या यंत्रांवर ठेवून वापरत.

सातारा आणि सांगलीतल्या कित्येक शाळा-महाविद्यालयांच्या भांडारात हे प्रोजेक्टर धूळ खात पडले असतील. ते किलोवर भंगारात घालण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी त्यातला एक तरी आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्यावा, सोबत एक स्क्रूड्रायव्हर आणि वीज सांभाळायला विज्ञानाचे एक शिक्षक.