घरी विमान बांधताना हात कधी थरथरतो? पत्र्याला पहिलं भोक पाडताना

ठाणे : महागाचं कापड असेल तर शिंपी कात्री लावण्याआधी दोनदा टेप धरतो. एकदा कात्री चालली की चालली. डोंबिवली एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या फिटरलाही हे सांगावं लागत नाही. पण त्याचा पत्रा वाया गेला तर मालक ओरडतो, दुसरा पत्रा येतो आणि काम पुढे सरकतं. आता समजा, तो पत्रा विमानाच्या पंखाचा आहे आणि त्या विमानात बसून आधी उडणार आहे तो कापणाराच. मग हात थरथरणारच.

आपल्या शेजारी मुंबईत असं विमान बांधून झालंय. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि 180 किलोचं परदेशी इंजिन, सगळं अरुंद जिन्याने वर चढवलं. फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना बघायला मिळालं. त्यासाठी विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवावं लागलं. नोव्हेंबर 2017 मध्ये डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली. नंबर व्हीटी-एनएमडी. पुढच्या वर्षी पालघर जिल्ह्यात विमान कारखान्यासाठी राज्य सरकारशी करारही झाला. उड्डाणाच्या चाचण्यांसाठी मात्र विमान धुळ्याच्या धावपट्टीवर न्यावं लागलं. आपल्याकडे कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, पण ती सगळ्यांना आठवते ती जमिनीच्या वादामुळे.

फोटोत दिसतं ते तयार विमान. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेलं मोजणं, कापणं आणि भोकं पाडणं कुठे दिसत नाही. वर ‘सुटं करून’ असं म्हटलंय, त्यातच सगळी गोम आहे. बोल्ट खोलता येतो. रिव्हेटसुद्धा डोकं ड्रिल करून काढता येते, जपून केलं तर. पण कापलेली कड आणि पाडलेलं भोक परत पहिल्यासारखं होत नाही.

वेल्डिंग मारून भोक बुजवता येत नाही का?

फॅब्रिकेशनवाला हा प्रश्न हमखास विचारेल. लोखंडी गेटला चुकीच्या जागी भोक पडलं तर वेल्डिंगचा टाका मारायचा, ग्राइंडर फिरवायचा, वर रंग. काम झालं. धातूच्या विमानात बरेचदा 2024 नावाचं ॲल्युमिनियम वापरतात. त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि त्याची ताकद कारखान्यात ठराविक उष्णता देऊन आणलेली असते. त्यावर साधं वेल्डिंग केलं की आजूबाजूचा पत्रा मऊ पडतो, चिरतोही. म्हणून अशी विमानं वेल्डिंगने जोडत नाहीत, रिव्हेटने जोडतात. आणि रिव्हेट म्हटली की भोक आलंच. छोट्या दोन सीटच्या विमानालाही हजारो भोकं पडतात.

प्रत्येक भोकाला एक नियम लागतो. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट आत हवा. रिव्हेट 3.2 मिलिमीटरची असेल तर 6.4 मिलिमीटर. ड्रिल घसरलं आणि भोक कडेकडे सरकलं, तर ती कड जोर आल्यावर फाटते. भोक मोठं झालं तर एक नंबर जाड रिव्हेट घालता येते, पण जाड रिव्हेटला कडेपासूनचं अंतरही जास्त लागतं. म्हणजे चूक सुधारायला गेलं तरी कधीकधी जागाच उरलेली नसते. तेव्हा एकच उपाय, तो भाग बाजूला ठेवायचा आणि नवा करायचा.

म्हणून कुणी एकदम पूर्ण मापाचं भोक पाडत नाही. आधी बारीक भोक, मग दोन पत्रे स्प्रिंगच्या पिनांनी तात्पुरते धरायचे, सगळं सरळ बसलं का ते बघायचं, आणि नंतर भोक मोठं करायचं. शेवटी भोकाच्या कडेला आलेली धारदार बर हलक्या हाताने काढायची. कानावर ठेवलेली सुताराची पेन्सिलही इथे चालत नाही. तिच्यातलं ग्राफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं आणि ओल लागली की तिथे पत्रा खायला लागतो. सुईने ओरखडा काढून खूण करणं तर त्याहून वाईट. मार्कर वापरतात.

एवढ्याशा ओरखड्याने काय होतं? 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली. तपासात दिसलं की विमानाच्या अंगात ठेवलेल्या खिडकीसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी ताण एकवटत होता आणि तिथल्या भोकापासून चीर सुरू झाली होती. विमान वर-खाली जाताना आतला हवेचा दाब वाढतो, कमी होतो. दरवेळी चीर थोडी पुढे सरकते. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच हे. म्हणून पत्र्यात कोन कापायचा असेल तर आधी कोपऱ्यावर गोल भोक पाडतात आणि मग भोकापर्यंत कापतात. कोपरा टोकदार राहता कामा नये.

ओळंबा लावून पंख

सगळ्यात जास्त झोप उडवतं ते पंख जोडण्याचं भोक. बऱ्याच किट विमानांत मुख्य भोकं कारखान्यातून पाडून येतात, पण मागच्या तुळईचं भोक बांधणाऱ्याने पाडायचं असतं. पंख किती अंशात वर कललेला राहणार हे त्या एका भोकावर ठरतं. दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसेल तर विमान कायम एका अंगावर झुकतं आणि पायलट सगळा प्रवास दांडी ओढून धरतो. म्हणून आधी विमानाचं धड लेव्हलमध्ये आणतात. मग पंखाच्या टोकांना ओळंबे सोडतात, शेपटीपासून दोन्ही टोकांची अंतरं मोजून बघतात. घराची भिंत उभी करताना गवंडी जे करतो तेच हे काम आहे, फक्त इथे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालवून घेता येत नाहीत. शिकाऊ मुलाला घेऊन घाईत करायचं हे काम नव्हे.

ठाण्याचा उन्हाळा इथे कामाला येतो

दुसरी धास्ती कॅनोपीची. पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण म्हणजे कॅनोपी. ही बहुधा ॲक्रिलिकची, साच्यात फुगवलेली एकच मोठी वाटी येते. काही विमानांत तिचे दोन तुकडे करायचे असतात : पुढे काच म्हणून बसणारा आणि मागे सरकणारा. वस्तू महाग, परदेशातून येणारी, आणि काप एकच.

ॲक्रिलिक थंड असताना ठिसूळ असतं. अमेरिका-युरोपात लोक शेड हीटरने तापवून मगच हात लावतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ती अडचण नाही, दुपारी पंखा बंद केला तरी पुरे! दात असलेली करवत वापरत नाहीत, कारण दात अडकला की चीर पळते. पातळ कटिंग व्हीलने सावकाश कापतात. नंतर कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात, कारण कडेवरची बारीक खाचसुद्धा पुढे चीर होते. साधं धारदार ड्रिल ॲक्रिलिकमध्ये चावतं, म्हणून ड्रिलची धार मुद्दाम मोडून घेतात. आणि पुसायला थिनर किंवा पेट्रोल अजिबात नाही, त्याने आत बारीक चिरांचं जाळं येतं.

भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात, त्यालाही कारण आहे. दीड मीटर लांबीचं ॲक्रिलिक 20 अंशांनी तापलं की सुमारे 2 मिलिमीटर वाढतं. तेवढीच ॲल्युमिनियमची चौकट पाऊण मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. भोक घट्ट असेल तर स्क्रूपाशीच तडकणार. काम मे महिन्यात ठाण्यात झालं आणि विमान वरच्या थंड हवेत गेलं, तर हाच हिशेब उलटा लागतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढं कशाला, जुगाड करू. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात 24 वर्षांच्या तरुणाने स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरच सुरू करून बघितलं. मागचं पातं तुटून मोठ्या पात्यावर आदळलं, मोठं पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. पोरगा वेल्डिंगच्या कामात तयार होता, हातात कला होती. त्याच्या कामावर दुसरी जाणकार नजर फिरवणारं जवळ कुणी असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती का, हा प्रश्न गावागावांतल्या अशा हुशार पोरांसाठी आजही तसाच आहे.

जिथे हा छंद रुजलाय तिथे पंखाचा शेवटचा पत्रा बंद करण्याआधी दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलावून आतलं काम दाखवायची पद्धत आहे. आपल्याकडेही डीजीसीएच्या परवानगीशिवाय विमान उडवता येत नाही. रोजच्या कामात मात्र बांधणाऱ्याला स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावं लागतं. दमल्यावर, रात्री उशिरा कापायचं नाही. डावा-उजवा भाग समोरासमोर ठेवून बघायचा, कारण दोन्ही डावेच झाले ही चूक अनुभवी लोकही करतात. माप दुसऱ्याला घ्यायला लावायचं, आपला आकडा आधी सांगायचा नाही. आणि पहिला काप नेहमी भंगारातल्या तुकड्यावर. म्हणून वाया गेलेला पत्रा कुणी फेकत नाही. पुढच्या अवघड भोकाचा सराव त्याच्यावरच करतात.