साखर, सॅकरीन आणि कर्करोगाची शंका

मालेगांव तालुक्याला साखरेची ओळख जुनी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं याच तालुक्यांत रावळगांवीं साखर कारखाना उभारला. पुढें तेथील खाऊच्या गोळ्यांनीं घरोघरच्या मुलांचे खिसे भरले. परंतु घरांतील वडील माणसास मधुमेह जडला, कीं त्याच्या चहांतून साखरेस रजा मिळते आणि कपाशेजारीं कृत्रिम गोडीच्या इवल्या गोळ्यांची डबी येऊन बसते. मग एके दिवशीं कोणी वाचून दाखवितें, कीं या गोळ्यांनीं कर्करोग होतो! आतां मामंजींच्या चहांत काय घालावें, हा घरच्या सुनेपुढें बिकट प्रश्न होऊन बसतो.

सॅकरीनचा शोध १८७९ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञास योगायोगानें लागला. १९७७ सालीं कॅनडांतील प्रयोगांत पुष्कळ सॅकरीन खाऊं घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयांत अर्बुदें आढळलीं, आणि अमेरिकेंत त्यावर बंदी घालण्याची तयारी झाली. पुढें असें दिसून आलें, कीं ज्या क्रियेनें उंदरांस हा विकार होतो, ती मनुष्यदेहास लागू पडत नाहीं. म्हणून २००० सालीं तेथील सरकारनें सॅकरीनचें नांव कर्ककारक पदार्थांच्या यादींतून काढून टाकलें.

आस्पार्टेमची गोष्ट निराळी. जुलै २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें त्यास ‘कदाचित् कर्ककारक’ या वर्गांत घातलें. याचा अर्थ एवढाच, कीं पुरावा तोकडा आहे, पण शंका पुरती फिटलेली नाहीं. किती खाल्ल्यानें किती धोका, हें तो वर्ग सांगत नाहीं. तें पाहणाऱ्या तज्ज्ञसमितीनें शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ४० मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादाच कायम ठेविली. ७० किलो वजनाच्या माणसास ती ओलांडण्यासाठीं आस्पार्टेमयुक्त पेयाचे रोज ९ ते १४ डबे रिचवावे लागतील! मात्र फेनिलकीटोनूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनीं आस्पार्टेम वर्ज्यच मानावें.

तेव्हां भीतीपोटीं डबी फेकून मधुमेह्याच्या चहांत पुन्हां साखर घालणें हा शहाणपणा नव्हे; संशयित धोका टाळतांना ठाऊक असलेला धोका ओढवून घेण्यासारखें तें होईल. उलट, गोळी निर्धोक म्हणून निरोगी मंडळींनीं वजन घटविण्यासाठीं तिच्यामागें लागणेंही व्यर्थ. मे २०२३ मध्यें त्याच संघटनेनें तसें न करण्याचा सल्ला दिला आहे. डबीवरील पदार्थाचें नांव वाचावें, डॉक्टरांस विचारावें, आणि सर्वांच्याच चहांतील गोडी हळूहळू उतरवीत न्यावी. जिभेला लागलेली संवय जिभेनेंच सोडविणें, हाच त्यांतल्या त्यांत खात्रीचा उपाय होय.